तळमजल्याची खोली

गुरुवार, १७ नोव्हेंबर
जेवणाची सुट्टी

चि. भुंग्यास,

अनेक आशीर्वाद. पाकीट फोडलंस म्हणजे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं तुझ्या मनावर आहे.

इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईच्या गुडघ्यांनी संप पुकारलाय. पलंग ते मोरी एवढाच तिचा प्रवास, तोही माझ्या खांद्यावर हात टाकून. कान मात्र ठणठणीत. शेजारच्या खोलीत कोणाचं कोणाशी वाजलं ते मला तिच्याकडूनच कळतं. लाँड्रीत दोन नवे रोलर आलेत. मी अजून इस्त्रीवरच आहे. हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलांचे अभ्रे, दिवसाला हजारावर नग. केस निम्मे पांढरे झाले आणि वाफेने कुरळे झाले. बघितलंस तर हसशील. तुझा दोस्त बॉयलरवाला अजून आहे. पुढचा दात नसल्यामुळे हल्ली ओठ मिटून हसतो. त्याच्याबद्दलही लिहायचंय, पण आत्ता नाही.

नऊ वर्षांनी ताईला पत्ता कुठून सापडला, असं तुला वाटत असेल. ते सांगायचं तर कालचा सगळा दिवस सांगावा लागेल.

काल बुधवार, माझी सुट्टी. मंडळातली सुट्टी म्हणजे काय ते तुला वेगळं सांगायला नको. तू होतास तेव्हा तोंडी विचारायचे, आता प्रत्येकाची एक वही आहे. सुट्टीचा दिवस तासातासाने लिहायचा आणि संध्याकाळच्या प्रार्थनेआधी बाईंच्या टेबलावर ठेवायचा. बाई त्याच, आपल्या मुकादमबाई. खोल्यांचं वाटपही आता त्यांच्याकडेच आलंय. म्हणजे नोकरी, छप्पर आणि देव, तिन्ही एकाच टेबलावर. कामाच्या दिवशी रोलरच्या आवाजात माणूस निदान एकटा असतो. सुट्टीच्या दिवशी तेवढंही नाही.

पाचला उठून आईची अंघोळ, वेणी, औषध. आठ ते दहा प्रार्थना. प्रार्थनेत माझं मन लागत नाही असं समजू नकोस, भुंग्या. डोळे मिटले की आत खरंच काहीतरी निवतं. बाबा गेले तेव्हा त्या सभागृहाच्या गार फरशीनेच मला धरून ठेवलं होतं. देवावर माझा राग नाही. त्याच्या आणि माझ्या मध्ये जी टेबलं मांडलीत, त्यांच्यावर आहे.

शेजारी गठ्ठेवाली मावशी बसली होती. ती तू गेल्यावर आली, म्हणून तुला माहीत नाही. मळक्या कपड्यांचे गठ्ठे फोडून निवडायचे, हे तिचं काम. पंचावन्नच्या पुढची, तोंडाने फटकळ, हाताने चपळ. दीड वर्षापूर्वी कॅन्सरमुळे तिचा डावा स्तन काढला. तीन महिन्यांत बाई परत गठ्ठ्यांवर हजर.

तिने मला कोपर मारलं. "आज मोकळी आहेस?"

"आईसाठी गुडघ्याचा पट्टा आणायचाय."

"पट्टा आण नाहीतर पागोटं आण, पण आधी माझ्याबरोबर चल. हात धरायला माणूस हवंय."

"डॉक्टरकडे?"

"गोंदवायला," ती म्हणाली आणि डोळे मिटून सगळ्यांबरोबर मोठ्याने प्रार्थनेची पुढची ओळ म्हणू लागली.

देह ही देवाची कोरी पाटी, तिच्यावर दुसऱ्या कुणी लिहायचं नाही, हे आपण बोलायला लागल्यापासून ऐकत आलोय. लिहिलं तर काय होतं ते आपल्या घराइतकं कोणालाच ठाऊक नाही. मी नाही म्हणणार होते. पण मावशी कधी कोणाकडे काही मागत नाही. ऑपरेशनलासुद्धा एकटी गेली होती, पिशवी घेऊन, बाजाराला निघाल्यासारखी. मी हो म्हटलं. का म्हटलं ते मला अजून नीट कळलेलं नाही.

अकराच्या बसला आम्ही तिघी निघालो. तिसरी लांबी. ती घड्या घालते. चोवीस वर्षांची, सहा फूट उंच, ओल्या चादरींचा गठ्ठा एका हाताने उचलते. बसमध्ये आम्ही तिघी वेगवेगळ्या बसलो, जशा काही ओळखीच्याच नव्हतो. मावशीला भारी मजा वाटत होती. मागच्या बाकावरून तिने मला मुद्दाम विचारलं, "अहो बाई, किती वाजले?"

दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला, सायकल दुरुस्तीच्या वर, लोखंडी जिना चढून. मला वाटलं होतं अंधारी खोली असेल, धूर असेल. तर आत दवाखान्यासारखी स्वच्छता! पांढरी टाइल, हात धुवायची जागा, झाकणाच्या डब्यात सुया. टॅटूवाला जाडसर, चष्म्याचा, बोलायला शिंप्यासारखा मऊ. त्याने आधी मावशीला विचारलं, "डॉक्टरांनी हो म्हटलंय ना?"

"म्हटलंय. दीड वर्ष झालं. ते म्हणाले, जखम भरलीय, आता काय करायचं ते करा."

मग मावशीने बटणं काढली. भुंग्या, मी तिच्या शेजारी सात वर्षं काम केलंय, पण ते पाहिलं नव्हतं. सपाट जागा, आणि काखेकडून मधोमध आलेली एक जाड, चकचकीत रेघ. लांबीने भिंतीकडे तोंड फिरवलं. टॅटूवाल्याने फिरवलं नाही.

"फूल काढू? वेल? बहुतेक जणी वेल सांगतात. व्रण झाकला जातो."

"झाकायला कशाला हवाय? कष्टाने मिळवलाय," मावशी म्हणाली. "हे बघ, ही रेघ म्हणजे भिंत. भिंतीवर मला मांजर पाहिजे. झोपलेलं. शेपटी अशी खाली सोडलेली. आमच्या खोल्यांत मांजर पाळू देत नाहीत."

टॅटूवाला हसला नाही. त्याने कागद घेतला आणि तीन मांजरं काढली. मावशीने तिसरं निवडलं, जाडं. त्याने आमच्यासमोर सुईचं नवं पाकीट फोडलं, हातमोजे घातले, कागदावरची आकृती कातडीवर उमटवून घेतली आणि मशीन सुरू केलं. तो आवाज ऐकून मला तू आठवलास. लहानपणी दिवसभर नाकातून असाच गुणगुणायचास, म्हणून तर बाबांनी तुझं नाव भुंग्या ठेवलं.

दहा मिनिटांत धप्पकन आवाज झाला. सहा फुटी लांबी आडवी! मशीन थांबलं, तिला साखरपाणी दिलं, पाय उशीवर ठेवले. मावशी उघडीच बसून खो खो हसत होती. "सुई मला टोचली आणि चक्कर हिला! अगं, तुला कामावर ठेवलंय कोणी?"

पुढचे दोन तास मी तिचा हात धरून बसले. व्रणावर तिला काही कळत नव्हतं, तिथली कातडी मेलीय म्हणाली. सुई कडेला आली की माझी बोटं आवळायची. मध्येच म्हणाली, "दीड वर्ष झालं, मी आरशात मानेच्या वरच बघते. खालची जागा सोडून गेल्यासारखी वाटते. म्हटलं, कोणीतरी राहायला आलेलं बरं."

तिच्याकडे बघवेना म्हणून मी भिंतीवरचे फोटो बघू लागले. पाठी, खांदे, मनगटं. आणि एक हात. मनगटाच्या वर बाबांचा चष्मा, उजवी काडी दोऱ्याने बांधलेली. मला वाटलं, नजरेचा भास आहे. पण कोपराजवळ तो भाजल्याचा त्रिकोणी डाग होता. मी तेरा वर्षांची असताना माझ्या हातून तुला इस्त्री लागली होती, तो.

"हा कोण?" मी विचारलं.

"माझा पहिला शिष्य," टॅटूवाला म्हणाला. "नऊ वर्षांपूर्वी हे गोंदवून गेला. महिन्याभराने बोचकं घेऊन परत आला, म्हणाला, काम शिकवा. दोन वर्षं राहिला. आता त्याचं स्वतःचं दुकान आहे, दूर आहे. नवीन वर्षाला न चुकता फोन करतो."

"त्याचा पत्ता मिळेल?"

"तुम्ही त्याच्या कोण?"

भुंग्या, मी म्हटलं, "ओळखीची."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "भुवया त्याच्यासारख्याच आहेत," आणि पत्ता लिहून दिला.

परतताना पट्टा आणायचा राहून गेला. वहीत मी लिहिलं: ११ ते ४, आईच्या पट्ट्यासाठी दुकानं हिंडले, माप मिळालं नाही.

घंटा झाली. दुपारचे गठ्ठे आलेत. हे पत्र इथेच संपवून लांबीजवळ द्यावं, असं वाटतंय. इथलं टपाल बाईंच्या टेबलावरून जातं, लांबी हे बस थांब्याजवळच्या पेटीत टाकेल. पण संपवलं तर ज्यासाठी लिहायला बसले ते राहून जाईल.


शुक्रवार, १८ नोव्हेंबर

हे पान वेगळं आहे, वर मंडळाचं नाव छापलंय. दचकू नकोस. काल घंटेनंतर बाईंनी मला बोलावलं आणि हे कागद दिले. दोन दिले. एकावर तुला लिहितेय.

बाई माझ्याशी वाईट वागल्या नाहीत. पंखा लावला, पाणी दिलं, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. आणि ती वरवरची नव्हती. गेल्या वर्षी आई पडली तेव्हा त्यांनीच गाडी बोलावली होती. मग तीन वह्या पुढे ठेवल्या.

"तू पट्ट्याला, ती भाचीला भेटायला, लांबी केस कापायला. तिघी तीन कामांना, आणि उतरलात एकाच थांब्यावर? केस तर लांबीचे आहेत तेवढेच आहेत."

मी पाण्याचा पेला उचलला.

"तोंडी नको सांगूस. चार ओळी लिही. कोण, कुठे, काय केलं. रविवारी प्रार्थनेनंतर दे, घाई नाही." आणि मी उठल्यावर, अगदी मायेने म्हणाल्या, "तुमच्या तळमजल्याच्या खोलीसाठी तीन अर्ज आलेत गं. मी म्हटलं, हिच्या आईला हलवायचं नाही."

भुंग्या, असा कागद त्यांनी माझ्यापुढे पहिल्यांदाच ठेवलेला नाही.

हे वाक्य लिहून मी इस्त्रीचे दोन गठ्ठे काढून आले. आता लिहिते.

बाबा गेले आणि मंडळाच्या नियमाप्रमाणे त्यांचे फोटो, कपडे, सगळं आपण देऊन टाकलं. चष्मासुद्धा. मग महिन्याभराने तू मला वाळवणीच्या खोलीत नेलंस, लोंबणाऱ्या चादरींच्या मध्ये, आणि बाही वर केलीस. म्हणालास, "ताई, हा कोणी काढून नेऊ शकणार नाही." मी त्या चष्म्यावर बोट फिरवलं होतं, आठवतं? कातडी अजून खरखरीत होती. तू म्हणालास, मी फक्त तुला आणि बॉयलरवाल्याला दाखवलंय.

पाच दिवसांनी तुला सभागृहात सगळ्यांसमोर उभं केलं, बाही वर करायला लावली आणि संध्याकाळच्या आत बाहेर जायला सांगितलं. दोघांनाच ठाऊक होतं. त्यातली एक तुझी बहीण, म्हणजे दुसराच असणार. फाटकाशी तू बॉयलरवाल्याच्या तोंडावर मारलंस. त्याचा दात पडला. तो तोंड धरून उभा राहिला, एक शब्द बोलला नाही. मी तिथेच होते, तुझं बोचकं हातात घेऊन. मीही बोलले नाही.

तो नव्हता. मी होते.

तेव्हा आपण तिसऱ्या मजल्यावर राहायचो. आईचे गुडघे नुकते जायला लागले होते, ती जिन्यात बसून बसून चढायची. तळमजल्याच्या खोलीसाठी मी दोनदा अर्ज केला होता. बाईंनी मला सुट्टीच्या दिवशी बोलावलं. पंखा लावला, पाणी दिलं. म्हणाल्या, तुझ्या भावाचं काहीतरी चाललंय असं कानावर आलंय, तू मोठी आहेस, लिहून दिलंस तर प्रमुखांसमोर मला त्याला सांभाळून घेता येईल. आणि तुझा अर्जही माझ्या टेबलावरच आहे.

मी चार ओळी लिहिल्या. कोणत्या हातावर, काय, कधी. सही केली.

तुला सांभाळून घेतील असं मला खरंच वाटलं होतं, असं लिहायला घेतलं होतं. खोडलं. निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं असं, की त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर तू नव्हतास. जिना होता.

खोली आठ दिवसांत मिळाली. नऊ वर्षं मी तिच्यात राहतेय. चांगली खोली आहे. मोरी आतच आहे, दाराला उंबरठासुद्धा नाही. येणारा प्रत्येक जण म्हणतो, नशीब काढलंत.

तुझा पत्ता मिळत नाही, असं मी आईला सांगत आले. खरं म्हणजे मी कधी शोधलाच नाही. पत्ता मिळाला असता तर हे लिहावं लागलं असतं.

आता दुसरा कागद माझ्या पिशवीत आहे, कोरा. आज डबा खाताना मी मावशीला सगळं सांगितलं. तुझंही. ती खाता खाता थांबली. मला वाटलं, आता उठून जाईल. तर म्हणाली, "लिही माझं नाव. मला काय, वर्षभरात निवृत्तच व्हायचंय. तुझ्या आईला जिना चढवू नकोस."

तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिने तर परवानगीच दिली. आता लिहिलं तर कोणीही मला वाईट म्हणणार नाही. आई तळमजल्यावर राहील, मावशी हसत जाईल आणि मी परत एकदा नशीब काढीन.


सोमवार, २१ नोव्हेंबर

शनिवारी मावशीने मला न विचारता निकाल लावून टाकला. सरळ बाईंच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "मी गोंदवून घेतलंय. बघायचंय का?" बाई नको नको म्हणेपर्यंत हिने बटणं काढली. बाहेर आम्ही सगळ्या उभ्या होतो. मग बाईंचा आवाज आला, घोगरा. "झाकून घे."

महिनाअखेर खोली सोडायची, असं तिला सांगितलं. भाचीकडे जातेय. लांबी रडायला लागली तर तिला म्हणाली, "रडतेस काय? आता रोज माझ्या हिश्शाचे गठ्ठे तूच उचल." मी विचारलं, भाची सांभाळेल ना? तूच म्हणायचीस ना, तिला मांजरांचा तिटकारा आहे? "असू दे की," म्हणाली. "मी कुठे तिला दाखवणार आहे?"

मला वाटलं, सुटले. आता माझ्या कागदाची गरज काय? रविवारी प्रार्थना झाल्यावर मी खाली मान घालून निघाले, तर बाईंनी हाक मारली. दार लोटलं. पंखा लावला.

"कागद?"

"मावशीने तर स्वतःच सांगितलं."

"मला ठाऊक होतं. बुधवारी संध्याकाळीच ठाऊक होतं. कोण कुठल्या दुकानात गेलं ते कळायला मला तुझी गरज नाही गं. मला तुझं लिहिलेलं हवंय."

"कशाला?"

त्यांनी खण उघडून दाखवला. आत कागदच कागद, घड्या घातलेले, आपल्या अभ्र्यांसारखे एकावर एक. "इथल्या प्रत्येकाचा एक तरी आहे यात. माझाही आहे, माझ्या नवऱ्याबद्दल. तो इथून बाहेर गेल्याला बावीस वर्षं झाली." मग म्हणाल्या, "ज्याने असा कागद दिलाय तो इथून कुठे जात नाही. कुठल्या तोंडाने जाईल? तुझ्या भावाचा हातही मी आधीच पाहिला होता. नळावर, बाही वर करून तोंड धूत होता तेव्हा."

भुंग्या, माझ्या कागदाशिवायही तू गेलाच असतास. हे कळल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. तुला घालवण्यासाठी त्यांनी मला वापरलं, असं मी नऊ वर्षं मनाला समजावत होते. तसं नव्हतंच. तू तर जाणारच होतास. त्या कागदाने त्यांनी मला ठेवून घेतलं.

मी कोरा कागद टेबलावर ठेवला. म्हटलं, "मी लिहीत नाही."

"एकदा नीट विचार कर."

"मीही गेले होते, बाई. मी तिचा हात धरला होता. माझ्यावर काय करायचं ते करा."

"तुझ्या अंगावर काही आहे का?"

"नाही."

"मग तुझ्यावर काय करू?" त्या खरंच थकल्यासारख्या दिसल्या. "कामावर ये उद्या. तुझ्यासारखी इस्त्री कोणाची नाही." कोरा कागद त्यांनी परत खणात ठेवला, वेगळ्या कोपऱ्यात. "तळमजल्याचं मात्र मला बघावं लागेल."

दुपारी जेवण होईपर्यंत निरोप आला. तिसरा मजला. आपलीच जुनी खोली, कोपऱ्यातली.

आईला काय सांगायचं, याचाच मला घोर होता. मी पलंगापाशी बसले आणि सगळं सांगितलं, तुझ्यापासून मावशीपर्यंत. ती छताकडे बघत ऐकत होती. कान चांगले आहेत तिचे, सगळं ऐकलं असणार. मग म्हणाली, "माझी वेणी सुटलीय, घालून दे." मी घातली. वेणी पुरी होईपर्यंत तिने माझं मनगट सोडलं नाही. धरायला सुद्धा तिच्या हातात फारसा जोर नाही. माफ केलं असं म्हणाली नाही. मी विचारलंही नाही.

तिला वर कसं न्यायचं? लांबी आली, आणि बॉयलरवाला आला. लाकडी खुर्चीला चादर बांधली, आईला बसवलं, पुढून लांबी आणि मागून तो. एकेका पायरीला आई म्हणत होती, "अरे, गठ्ठा नाही मी, हळू!" दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दम खायला थांबले. लांबी पाणी आणायला गेली. आईचे डोळे मिटलेले होते. मी बॉयलरवाल्याला तिथेच, जिन्यात सांगितलं. नऊ वर्षांत मी त्याच्याशी धड दोन वाक्यं बोलले नव्हते.

तो खुर्चीचा पाय धरून उभा होता. म्हणाला, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. तू बाईंच्या खोलीत बसून लिहीत होतीस तेव्हा मी खिडकीखाली राख भरत होतो. त्या काय काय विचारतात ते ऐकू येत होतं."

"मग फाटकाशी त्याला सांगितलं का नाहीस? मार का खाल्लास?"

त्याने खांदे उडवले. "सांगून काय? त्याचं घर गेलं, काम गेलं. दोस्त गेला तर दुसरा मिळतो. म्हटलं, निदान बहीण तरी राहू दे त्याला." मग लांबी तांब्या घेऊन येताना दिसली, तसा तो ओठ मिटून हसला आणि म्हणाला, "उचल गं लांबे, बाकीचे एकतीस दात शाबूत आहेत माझे."

आता आम्ही वर आहोत. आईला इथून खाली उतरवणं पुन्हा होईल असं वाटत नाही. निदान ती जिवंत असेपर्यंत मीही कुठे जाणार नाही. आज सकाळी पाच मिनिटं आधी निघावं लागलं, दुपारी तिला बघायला धावत वर, धावत खाली. उजेड मात्र इथे जास्त आहे. आईची एवढीच तक्रार, की शेजारची भांडणं ऐकू येत नाहीत. काल संध्याकाळच्या प्रार्थनेत कोणी माझ्याशेजारी बसलं नाही. डोळे मिटले, आणि आत निवायचं ते थोडंसं निवलं. ते कोणाच्या खणात नाही, असं वाटलं.

मला क्षमा कर, असं मी लिहीत नाही. आज तरी तेवढा धीर नाही. मला उत्तरही नको. इकडे येऊही नकोस, फाटकातून तुला आत घेणार नाहीत आणि आईला वर सोडून मला बाहेर येता येणार नाही. पण त्याला, बॉयलरवाल्याला, दोन ओळी टाक. बस थांब्याजवळच्या चहावाल्याच्या पत्त्यावर पाठव, तो त्याच्या हातात देईल. काय लिहायचं ते मी सांगायची गरज नाही. त्याला फारसं वाचता येत नाही, म्हणून अक्षर मोठं काढ. मी वाचून दाखवीन असं म्हणणार होते, पण ते बरं दिसणार नाही. लांबी वाचून दाखवेल.

आईने आशीर्वाद सांगितलेत. तुझा हात कसा आहे, असं विचारत होती. कुठला, ते बोलली नाही.

तुझी (हा शब्द ठेवायचा की खोडायचा, ते तू ठरव)
ताई